मास्तरांची शेजारची सीट

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट निदान स्वतः मास्तरांना तरी माहीत असायला हवी होती. ती त्यांनाही माहीत नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

तसे ते नावाजलेले मास्तर होते. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकली, असं लोक म्हणत. खरं तर पायाखाली म्हणायला हवं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटसमोर एक जादा ब्रेक बसवलेला असतो, तो मास्तरांचा. दोन्ही हात फोटोला बसल्यासारखे गुडघ्यांवर, नजर समोर आणि उजवा पाय त्या ब्रेकवर, अशी त्यांची बैठक. बँकेचा कॅशियर बसवर चालून गेला, दातांची डॉक्टरीण भाजीच्या गाडीत शिरायला निघाली, तरी मास्तरांचे हात गुडघ्यांवरून हलले नाहीत. फक्त पाय खाली गेला. पाठीमागे सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत.

सकाळी पहिला विद्यार्थी गाडी घेऊन दारात यायचा आणि संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी त्यांना दारात सोडायचा. त्यामुळे तरुणपणी लायसन्स काढल्यानंतर मास्तर पुन्हा कधी स्टिअरिंगमागे बसलेच नाहीत. नवस वगैरे काही नव्हता. वेळच आली नाही.

लायसन्स देणं सरकारचं काम. पण मास्तरांची स्वतःची एक परीक्षा होती आणि तिचा धाक जास्त होता. विद्यार्थी कच्चा असेपर्यंत ते रस्त्यावरून नजर काढत नसत. मग एक दिवस चालू गाडीत ते सहज मान वळवून बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत आणि म्हणत, "या दुकानाला रंग दिलाय वाटतं." झालं. तो विद्यार्थी पास. "आज मास्तरांनी बाहेर बघितलं!" असं सांगत माणसं घरी धावत सुटायची. डॉक्टरीणबाईंना त्यासाठी दोन पावसाळे थांबावं लागलं.

घरी मात्र मास्तरांच्या बायकोचं, म्हणजे बाईंचं, एक जुनं येणं थकलं होतं. गावाबाहेर धरण आहे. धरणाच्या कडेकडेने पाण्याला लागून रस्ता जातो. पूल अरुंद म्हणून तिकडे बस जात नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मास्तरांनी कबूल केलं होतं, "एकदा शाळा बंद केली की आपली गाडी घेऊ. पुढची सीट तुझी. मी चालवीन, तू बाहेर बघ."

बाईंना गाडीची हौस नव्हती, धरणाचीही फारशी नसावी. त्यांना खिडकीची हौस होती. "बसमध्ये खिडकीशी नेहमी दुसरंच कोणीतरी असतं," त्या म्हणत. हातात पिशवी नाही, उतरायची घाई नाही, कोणी सरका म्हणत नाही, असं एकदा पुढे बसून बाहेर बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शाळा विकली आणि मास्तर गाडी घ्यायला निघाले ते साधीशी छोटी गाडी घ्यायला. पण शोरूमच्या काचेआड ती उभी होती. पुढून ट्रकसारखी दांडगी, उंच, आणि मागे छप्पर घसरत खाली आलेलं, जणू कोणी बसून चेपली असावी.

"ही कूपे एसयूव्ही, सर," विक्री करणारी मुलगी म्हणाली. "उंच आहे म्हणून एसयूव्ही, छप्पर उतरतं म्हणून कूपे."

"म्हणजे नक्की काय?"

"दोन्ही, सर."

फेरी मारायला निघाले तेव्हा ती स्टिअरिंगमागे बसली आणि मास्तर शेजारी. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वळणावर एक सायकलवाला आडवा आला. मास्तरांचा पाय सवयीने खाली गेला. खाली नुसता गालिचा होता. पण गाडी जागच्या जागी थांबली.

"तुम्ही दाबलात?" मास्तरांनी विचारलं.

"नाही सर. गाडीच स्वतःहून ब्रेक लावते."

आयुष्यभर मास्तरांनी एकट्याने ब्रेक मारले होते. आज पहिल्यांदा जोडीला कोणी भेटलं होतं. शाळेतल्या सहकाऱ्याच्या खांद्यावर ठेवावा तसा त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाले, "घेतो."

"एवढ्यात लहानसं घर आलं असतं," किंमत ऐकून घरी बाई म्हणाल्या.

"यातही चार माणसं राहतील."

"वाकून."

शोरूमच्या माणसाने गाडी दारात आणून लावली आणि किल्ली देऊन तो गेला. बाई ठेवणीतले कपडे घालून, चहाचा थर्मास घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पुढचं दार उघडलं. आत मास्तर बसलेले. पट्टा लावून, हात गुडघ्यांवर, नजर समोर.

"अहो."

"बस ना."

"कुठे बसू? तुमच्या मांडीवर? ही माझी सीट."

"हो हो, तुझीच. पण मग मी कुठे..." असं म्हणत मास्तरांनी शेजारी पाहिलं. स्टिअरिंगमागची सीट रिकामी होती. दोघं थोडा वेळ त्या सीटकडे बघत राहिले, आजचा विद्यार्थी उशिरा येणार असल्यासारखे.

मग मास्तर उतरले, वळसा घालून तिकडे बसले, आणि त्यांना घाम फुटला. काहीच जागेवर नव्हतं. रस्ता भलत्याच बाजूला गेला होता. हातांचं काय करायचं ते कळेना. आरशात पाहिलं तर मागची काच एवढी उतरती की पत्रपेटीच्या फटीतून पाहावं तेवढंच दिसत होतं. गाडी वीतभर पुढे सरकली तोच मास्तरांनी गांगरून आधाराला शेजारी हात टाकला. तिथे बाईंच्या मांडीवरचा थर्मास होता. गाडीने घाबरून सगळ्या शिट्ट्या वाजवल्या आणि ती आपणहून थांबली. मास्तर खाली उतरले, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "आज ऊन फार आहे."

दुसऱ्या दिवशी वारा फार होता. मग गाडीला आवरण शिवून घेतलं; ते तंबूएवढं झालं. मास्तर रोज आवरण काढत, स्टुलावर चढून छप्पर पुसत, उतरत्या काचेवरून कापड घसरलं की खाली उतरून पुन्हा वर चढत, आणि आवरण घालत. उभ्या उभ्या बॅटरी मेली. कंपनीची गाडी येऊन ती जिवंत करून गेली. पुन्हा मेली. टायर एका जागी बसले म्हणून मास्तरांनी शेजाऱ्यांना बोलावून गाडी हातभर पुढे ढकलून घेतली आणि आठवड्याने हातभर मागे.

"छान पाळलीये हो गाडी," शेजारी म्हणाला. "काय खाते?"

"पैसे," बाई आतून म्हणाल्या.

एके दिवशी गाडीच्या पडद्यावर अक्षरं उमटली: सर्व्हिसची वेळ झाली. मास्तर हरखले. त्यांच्या मनात एक बेत शिजत होता. गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकमध्ये ते ड्रायव्हरशेजारी बसले, वाटेत त्याला तीनदा आरसा बघायला लावला, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये टॅब्लेट घेऊन उभ्या असलेल्या माणसासमोर हजर झाले.

"तक्रार काय, सर?"

"ब्रेक."

तो माणूस सावध झाला. "लागत नाही?"

"उत्तम लागतो. पण तो तिकडे आहे. मला इकडे हवा."

"इकडे म्हणजे?"

"शेजारी. मी तिथे बसतो."

"आणि चालवतं कोण?"

"तोच तर प्रश्न आहे."

तो आत गेला आणि साहेबाला घेऊन आला. साहेब ऐकून आत गेला आणि त्याच्या साहेबाला घेऊन आला. तिघांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. शेवटी सगळ्यांत मोठा साहेब हळू आवाजात म्हणाला, "सर, दुसरा ब्रेक बसवला तर वॉरंटी जाईल."

"आणि नाही बसवला तर बायको," मास्तर म्हणाले. पण साहेबांच्या टॅब्लेटमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

ही बातमी मास्तरांच्या साडूंच्या कानावर गेली. साडू उंच, आवाजाने त्याहून उंच. रविवारी येऊन ठेपले. "अरे, एवढंच ना? मी चालवतो. चला धरणावर!"

साडू स्टिअरिंगमागे बसले. मास्तर पुढचं दार उघडायला आणि बाई त्याच दाराला हात घालायला एकच गाठ पडली.

"अगं, मी शेजारी नसलो तर यांना सांगणार कोण?"

"मला मागे बसवता? त्या फटीतून काय दिसणार? दुसऱ्याच्या मानेवरचे केस?"

"मला कोणी काही सांगायची गरज नाही," साडू म्हणाले.

हे ऐकून मास्तर चटकन शेजारच्या सीटवर बसले. ज्याला काही सांगायची गरज नाही तो आठवड्याभरात खांबावर जातो, हा त्यांचा अनुभव होता. बाई मागे बसल्या. कोपऱ्यापर्यंत मास्तर "आरसा" म्हणाले, "इशारा" म्हणाले, "क्लच" म्हणाले.

"या गाडीला क्लच नाही!" साडू ओरडले.

"म्हणूनच सांगतोय, शोधू नका."

साडूंनी तिथेच गाडी लावली, मग तुम्हीच चालवा म्हणाले आणि मागे जाऊन बसले. मागे छपराने त्यांना मान वर करू दिली नाही. हनुवटी छातीला लावून ते म्हणाले, "मेहुणीबाई, मी चालत घरी जातो. तुम्ही काय ते ठरवा." आणि खरंच गेले.

बाई मागच्या सीटवर तशाच बसून होत्या. त्या रागावल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या त्या बारक्या काचेकडे बघत होत्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बसने जिथे जाता येतं तिथे जाऊ कधीतरी."

मास्तरांचा पाय खाली गेला, पण थांबवण्यासारखं काही नव्हतंच. सगळं आधीच थांबलं होतं.

"मला येत नाही गं," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "मी शेजारी कोणी नसलेल्या गाडीत कधी बसलोच नाही. माणूस काय करतो तिकडे बसून, मला ठाऊकच नाही."

बाईंनी थर्मास खाली ठेवला. "मग आधी सांगायचं नाही का? मला वाटलं, मला न्यायचंच नाहीये तुम्हाला." त्या उतरल्या आणि पुढचं दार उघडून उभ्या राहिल्या. "उठा. तिकडे बसा."

"आणि तू?"

"मी मास्तर."

"तुला काय येतं?"

"झोपेत रोज काय बडबडता ते तुम्हाला नाही, मला ऐकू येतं. आणि ब्रेक कुठे मारता? माझ्या नडगीवर. उठा."

आधी घरी जाऊन शाळेच्या जुन्या सामानातली लाल अक्षराच्या शिकाऊ पाट्या आणल्या. त्या चकचकीत गाडीला पुढे एक, मागे एक अशा लावल्या. गल्लीतली माणसं बाहेर आली. दातांची डॉक्टरीण दवाखान्याच्या पायरीवर येऊन तोंडाला रुमाल लावून उभी राहिली.

बाई बसल्या. पट्टा लावला. हात गुडघ्यांवर ठेवले. "आरसा."

मास्तरांनी आरसा पाहिला.

"इशारा. आता हळू. घाई कोणाला आहे? गाडी तुमची नाही, रस्ता तुमचा नाही, फक्त चूक तुमची."

"गाडी तर आपलीच आहे."

"उलट उत्तर नको. समोर बघा."

गाडी चालू लागली. मागून भोंगे वाजले, एक सायकलवाला पुढे निघून गेला, मग एक म्हातारा चालत पुढे गेला आणि त्याने वळून नमस्कार केला. मास्तरांचे कान लाल झाले. पण शेजारून एकसारखा, न चिडणारा आवाज येत होता, आणि तो आवाज आला की हातांना आपलं काम आठवत होतं. अरुंद पुलावर शेळी आडवी आली तेव्हा बाईंचा पाय धाडकन गालिच्यावर पडला, गाडीने स्वतःचा ब्रेक लावला आणि मास्तरांनीही लावला, सगळ्यांत शेवटी.

"झोपला होतात?" बाई म्हणाल्या. गाडीही काहीतरी बोलली, शिट्टी वाजवून.

धरणावर पोचले तेव्हा मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला होता. थर्मासमधला चहा दोघांनी गाडीला टेकून घेतला.

"दिसलं का पाणी?" मास्तरांनी विचारलं.

"कुठलं पाणी? मी तुमच्या चाकाकडे बघत होते. नजर काढायची सोय ठेवलीत का तुम्ही?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. एवढं आयुष्य थांबून बाई इथवर आल्या होत्या, आणि पाहिलं काय तर चाक. "चल," ते म्हणाले, "परत जाऊ."

जाताना पाणी मास्तरांच्या बाजूला होतं, येताना ते बाईंच्या बाजूला आलं. मास्तरांनी न सांगता आरसा पाहिला. न सांगता इशारा दिला. वळणं आली तशी गेली. "हळू," असं ऐकू येईल म्हणून ते प्रत्येक वळणाला कान देत होते, पण शेजारून काही आवाज येईना. पूल आला आणि गेला. गालिच्यावर पाय वाजला नाही. झोप लागली की काय हिला, असं त्यांच्या मनात आलं. पण बघायची सोय नव्हती, समोर वळण होतं.

मग काच खाली गेल्याचा आवाज आला. वारा आत आला.

"अहो," बाई म्हणाल्या, आणि आवाज बाहेरच्या बाजूने आला, तोंड खिडकीकडे असावं तसा. "पाण्यात एक झाड उभं आहे. अख्खं. पानांसकट."

मास्तरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही समोर बघा," बाई म्हणाल्या, आणि बाहेर बघत राहिल्या.