घाटाखालचं पाणी

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली मिळून पाणी साठवायची जेवढी भांडी असतील, त्यांतल्या निम्म्या भांड्यांत तरी आमच्या साडभाऊंनी डोकं घातलेलं आहे, हे मी देवासमोर उभा राहून सांगायला तयार आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी हिवतापाच्या आरोग्य कर्मचाऱ्याची. घरोघर जायचं, रांजण, ड्रम, टाक्या उघडून बघायच्या, डासाच्या अळ्या दिसल्या की पाणी ओतून द्यायला लावायचं, आणि जे टाकं ओतता येण्यासारखं नसेल त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचे. हे काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं. बाकीचे लोक असलं काम पाच वाजता संपवून घरी जातात. साडभाऊंचे पाच कधी वाजलेच नाहीत. लग्न असो, बारसं असो की कुणाच्या तेरवीचं जेवण असो, हे आधी मोरीकडे जाणार, खिशातून बोटाएवढी टॉर्च काढणार, यजमानांच्या ड्रममध्ये उजेड पाडून बघणार आणि मगच पंगतीत बसणार. त्यांना ओळखणारे लोक पत्रिका द्यायला जाण्याआधी घरची पिंपं घासून घेतात असं म्हणतात, आणि त्यात मला तरी अतिशयोक्ती वाटत नाही.

मला तर बायकोच त्या टॉर्चमुळे मिळाली. सुलतानपूरची मंडळी आमचं घर पाहायला बुलढाण्याला आली तेव्हा थोरले जावई म्हणून साडभाऊ सोबत होते. वडीलधारी माणसं माझं शिक्षण, नोकरी पक्की की कच्ची, घर स्वतःचं की भाड्याचं, असल्या अवघड विषयांवर आली होती, आणि हे गृहस्थ बैठकीतून उठून थेट आमच्या स्वयंपाकघरात गेले. आईला वाटलं पाव्हण्यांना तहान लागली. ती पेला विसळेपर्यंत ह्यांचं डोकं रांजणात. बाहेर येऊन सासऱ्यांना म्हणाले, "मामाजी, पोरगी द्याले काही हरकत नाही. रांजण साफ आहे." सासऱ्यांनी त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही. नोकरी कच्ची होती आणि घर भाड्याचं होतं, पण रांजणानं आमची लाज राखली.

लोकांच्या टाक्यांत मासे सोडता सोडता ह्या माणसाला माशांचाच लळा लागला. साखरखेर्ड्याला ते भाड्यानं राहायचे, तिथं बैठकीच्या खोलीत चार फूट लांबीची काचेची टाकी होती आणि तिच्यात सतरा मासे होते. त्यांतली एक मासोळी म्हणजे त्या घरातलं खरं वडीलधारं माणूस. साडभाऊंची मुलगी, म्हणजे आमची भाची, शाळेत असताना जत्रेतून प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आली होती ती. सोनेरी रंगाची, तेव्हा करंगळीएवढी. असले जत्रेतले मासे चार दिवसांत आटोपतात, पण ही साडभाऊंच्या हाताखाली अकरा वर्षं जगली आणि तळहाताएवढी झाली. तिला सगळे थोरली म्हणायचे. भाची लग्न होऊन नाशिकला गेली. तिचा व्हिडिओ कॉल आला की बापाचं तोंड दिसताच ती म्हणायची, "बाबा, तुम्ही बाजूला व्हा, थोरली दाखवा." साडभाऊ बाजूला होत. कुणी माशाचं एवढं आयुष्य कसं काय, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "माशाले काही करा नाही लागत पाव्हणे. पाणी सांभाळा लागते. मासा आपोआप सांभाळल्या जाते."

तर हा माणूस निवृत्त झाला. वडनेर भोलजीला त्यांच्या वाटणीची जागा होती, तिथं त्यांनी दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. साखरखेर्ड्याच्या घरमालकाला घर महिनाअखेरीला रिकामं हवं होतं आणि वडनेरच्या फरशीवाल्याला कसलीच घाई नव्हती. मधले तीन आठवडे साडभाऊ आणि ताई, म्हणजे बायकोची ती थोरली बहीण, वडनेरला साडभाऊंच्या भावाकडे राहणार होते, पण भावाच्या घरी मांजरी तीन. त्यात साखरखेर्डा ते वडनेर म्हणजे जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जाणं, आणि आम्ही बरोबर मध्ये. माझ्या बायकोनं मला न विचारता हो म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात छोटा हत्ती टेम्पो उभा राहिला. त्यात गोधड्यांत गुंडाळलेली काचेची टाकी, दुधाच्या पाच कॅनमध्ये सतरा मासे, आणि आणखी चार कॅनमध्ये नुसतं पाणी. "हे कायचं पाणी?" मी विचारलं. साडभाऊ म्हणाले, "त्यायचं आहे. घर बदललं म्हणून काय सगळंच बदलाव काय?"

आमचं घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. भरलेल्या टाकीचं वजन साडभाऊंनी तोंडी हिशेब करून सांगितलं, ते घरमालकांनी ऐकलं आणि नाही म्हणाले. मग टाकी रिकामीच भिंतीला लागली आणि आम्ही तिच्यात रजया ठेवल्या. येणारे-जाणारे काचेतून आमच्या रजया बघत. साडभाऊ मात्र टॉर्च घेऊन घरभर फिरले. लोखंडी घमेल्याला त्यांनी नापास केलं. आमचा कूलर प्लास्टिकचा निघाला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "पत्र्याचा असता तं जस्तानं मेले असते. तुमची दूरदृष्टी लई चांगली," असं म्हणून त्यांनी कूलरच्या पंपाला धोतराचं फडकं बांधलं आणि खाली आठ मासे सोडले. पंप चालू, पंखा बंद. म्हणजे पाणी खळखळत राहणार, माशांना हवा मिळणार आणि आम्ही समोर बसून पुठ्ठ्यानं वारा घेणार. चार मासे लग्नात आलेल्या मोठ्या पातेल्यात गेले. थोरली आणि आणखी चौघांसाठी गच्चीच्या दारातला निळा टब ठरला, कारण तिला म्हणे सकाळचा उजेड आवडायचा. वीज गेली की एकानं टबाशी बसून तांब्यानं पाणी वरून खाली ओतत राहायचं, असा नियम होता. शेजारच्या बाईंनी एकदा मला असं दुपारी तासभर करताना पाहिलं आणि बायकोला हळूच विचारलं, "भाऊंना कुणी काही व्रत सांगितलं काय?"

पण खरा प्रकार पुढेच आहे. घाटाखाली वडनेरकडचं बोअरचं पाणी खारं. घाटावरच्या माशाला ते एकदम सोसणार नाही, म्हणून साडभाऊंनी ठरवलं की त्याची सवय इथंच लावायची. दर तिसऱ्या दिवशी ते वडनेरहून पाण्याची कॅन घेऊन निघत, मलकापूरला गाडी बदलत आणि मांडीवर कॅन घेऊन राजूरचा घाट चढून येत. बुलढाण्याला उन्हाळ्यात नळ आठ-नऊ दिवसांनी येतो. पाणी विकत घेणारी माणसं त्या गाडीत बसलेली. कंडक्टरनं विचारलं, "कॅनमध्ये काय आहे काका?" "पाणी." "बुलढाण्यात कोणासाठी?" "नातेवाईकायसाठी." कंडक्टर म्हणे तिकीट फाडताना हळहळला.

साडभाऊंनी एक कागद लिहून दिला होता: पहिल्या दिवशी प्रत्येक भांड्यातून एक तांब्या पाणी काढून एक तांब्या खारं घालायचं, दुसऱ्या दिवशी दोन, मग तीन. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, नळाचं ताजं पाणी घालू नये, ब्लीचिंग उडून जायला दोन दिवस उघडं ठेवून शिळं करून घालावं. बायकोनं तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि म्हणाली, "मला सुलतानपूरहून इथं नांदायला आणलं तेव्हा माझ्यासाठी नाही कुणी तांब्या-तांब्यानं सवय लावली." साडभाऊ तिथंच होते. क्षणभर विचार करून म्हणाले, "चूक झाली बाई. तुह्या लग्नात माह्या ध्यानात यायले पाह्यजे होतं." आणि ते थट्टा करत नव्हते, हे आम्हाला दोघांनाही कळलं.

पंधरा दिवस सगळं कागदाबरहुकूम चाललं. मासे खात होते, फिरत होते. सोळाव्या दिवशी साडभाऊ मोठी कॅन घेऊन येणार होते म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी फोन करून टब अर्धा रिकामा करून ठेवायला सांगितला. मी तो केला. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला नळ आला.

ज्यांच्या घरी रोज पाणी येतं त्यांना हे समजावून सांगणं कठीण आहे. नऊ दिवसांनी नळ आला म्हणजे माणूस जागा व्हायच्या आधी त्याचे हात जागे होतात. गल्लीतून "नळ आले" अशी हाक आली, बायकोनं उरलंसुरलं शिळं पाणी मोरीत ओतून ड्रम घासायला घेतले आणि मी पाइप धरला. ड्रम भरला, बादल्या भरल्या, कळशी भरली, घागर भरली. पुढे एक अर्धवट भांडं दिसलं, तेही काठोकाठ भरलं. मग तोंडावर पाणी मारलं, तेव्हा ब्लीचिंगचा वास नाकात गेला आणि मी कुठलं भांडं भरलं ते मला उमगलं.

टबातले पाचही मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते. साडभाऊंना फोन लावला. ते एक शब्द जास्त बोलले नाहीत. "चार छोटे कूलरात टाका. थोरली तिथं मावत नाही, तिले शिळ्या पाण्यात ठुवा. मी निघालो." पण शिळं पाणी होतं कुठं? आमचं मोरीतून वाहून गेलं होतं. आम्ही दोघं बादल्या घेऊन दारोदार फिरलो. ज्या गल्लीत नळ आत्ताच येऊन गेला, तिथं शिळं पाणी मागणं म्हणजे लोकांच्या घरंदाजपणावर शंका घेणं. "आमच्याकडं शिळं पाणी नसते हो," एक बाई दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "नळ आल्याबरोबर सगळं उपडं करते मी." सहा घरं झाली. शेवटी कोपऱ्यावरच्या एकट्या राहणाऱ्या पेन्शनर गृहस्थांनी आम्हाला आत घेऊन दार लावलं आणि एका ड्रमवरचं झाकण काढलं. "मागच्या नळाचं आहे. किती पाह्यजे तितकं न्या, फक्त कोणाले सांगू नका."

थोरलीला त्या पाण्यात सोडलं तोवर ती एका अंगावर कलली होती. दहाच्या सुमाराला साडभाऊ आले. कॅन दारात ठेवली, बाह्या वर केल्या आणि टबाशी मांडी घालून बसले. पाण्यात हात घालून त्यांनी तळव्यावर तिला सरळ धरलं. ती कलंडायची, ते पुन्हा सरळ करायचे. काय झालं, कसं झालं, कुणी केलं, त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी तीनदा सांगायला गेलो; तिन्ही वेळा म्हणाले, "मले समजलं." असे ते अडीच तास बसले. साडेबाराला त्यांनी हात बाहेर काढला आणि उपरण्याला पुसला.

दुपारी भाचीचा कॉल आला. साडभाऊंनी कॅमेरा स्वतःकडेच ठेवला. "बाई, थोरली गेली," ते म्हणाले.

"कशानं?"

"माह्यानंच. खारं पाणी जास्त झालं. हिशेब चुकला माहा."

मी उठायला लागलो तर त्यांनी माझा गुडघा दाबून धरला. भाची म्हणाली, "बाबा, तुम्हाला नको नको म्हणत होते मी. तिच्यावर कशाला केले प्रयोग?" आणि फोन बंद झाला.

"असं काऊन बोलले तुम्ही?" मी विचारलं.

"मावशीचं घर म्हणजे पोरीचं अर्धं माहेर राह्यते पाव्हणे," ते म्हणाले. "तिथं येताना तिच्या मनात काही यायले नको. बापावर काय, रागावते अन् इसरते." मग उठून ते कूलरमधले मासे बघायला गेले.

भाची महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. वडनेरला, साखरखेर्ड्याला, सुलतानपूरला, जिथं जिथं नातेवाईक आहेत तिथं ही गोष्ट झाली: बत्तीस वर्षं लोकांच्या पाण्यात डोकं घातलं आणि घरच्या माशाचं पाणी चुकलं. ताईसुद्धा चारचौघांत बोलून दाखवते. ज्या एका गोष्टीचा ह्या माणसाला आयुष्यभर अभिमान होता, तीच त्यानं माझ्यासाठी देऊन टाकली, आणि थट्टा होते तेव्हा तो सगळ्यांच्या आधी हसतो. उरलेले सोळा मासे त्याच कागदावरच्या हिशेबानं वडनेरच्या खाऱ्या पाण्यात पोचले आणि आज तिथं मजेत आहेत. हिशेब बरोबर होता ह्याचा पुरावा बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर पोहतो आहे, पण तो फक्त आम्हा तिघांनाच दिसतो.

ह्या दिवाळीत आम्ही सगळे वडनेरला जमलो होतो. फराळ चालला होता. भाची टाकीशी उभी होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काकाजी, खाऱ्या पाण्याच्या भानगडीत न पडता तुमच्याच घरी कायमची ठेवली असती न, तर जगली असती थोरली."

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं मान खाली घातली. आज सांगून टाकायचं म्हणून मी ताट बाजूला ठेवलं, पण माझ्याआधी साडभाऊच बोलले. "हाव," ते म्हणाले, "पाव्हण्यायनं लई जपली होती तिले." आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.