लाल थराखाली

अनसूयाबाईशी वैर घेऊ नये, असं चिखलदऱ्याच्या पठारावर कुणीही सांगेल. बाई भांडत नाही, तोंड टाकत नाही. मनात धरून ठेवते, आणि तेच वाईट.

हे पठार म्हणजे लाव्ह्याच्या थरांची चवड. एक थर निवला, त्यावर माती साचली, मग वरून आलेल्या दुसऱ्या थराने ती भाजून विटेसारखी लाल केली. काळ्या खडकात मुरलेलं पाणी त्या लाल मातीवर अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. असाच एक झरा अनसूयाबाईच्या स्ट्रॉबेरीला पुरायचा. नवरा देवमन गेल्यावर त्याच झऱ्याच्या जोरावर तिने लेकीला, वर्षालीला वाढवलं.

मग धाकटा दीर सूर्यभान याने वरच्या अंगाच्या विहिरीवर मोठी मोटार बसवली. ऐन फळांच्या दिवसांत झरा आटला, वाफे करपले. ती सांगायला गेली, "भाऊजी, एक दिवसाआड तरी मोटार बंद ठेवा."

तो हसला. "पाणी माह्या वाट्याच्या विहिरीतलं हाय, वयनी. डोंगर काय दादानं विकत घेतला होता?"

गेलेल्या माणसाचं नाव असं काढलेलं तिच्या जिव्हारी लागलं. याचं वाटोळं झालेलं पाहिल्याशिवाय आता तिला चैन पडणार नव्हतं.

उन्हाळ्यात त्याचीही विहीर तळाला गेली. ती मुळात देवमननेच खोदलेली. सूर्यभानने खोल करायला माणसं लावली, गाळाखाली लाल थर लागला, आणि तो निमूट वहिनीच्या दारात आला. "दादा इथंच काहून थांबला होता?"

तिला ठाऊक होतं. लाल थराखालचा खडक भेगाळ आहे, थर फोडला की पाणी कायमचं खाली उतरेल, असं देवमन शंभरदा बोलला होता. थर शाबूत राहिला तर पावसाळ्यात आपलाही झरा पुन्हा फुटेल, हेही तिला कळत होतं.

"थकले होते ते," ती म्हणाली. "तुमी खोदा. नारळ माह्या हातचा."

आणि खरंच जाऊन तिने नारळ फोडला.

पावसाळ्यात पाऊस धो धो पडला. विहिरीच्या बुडाशी नुसता चिखल. सूर्यभान डोकं धरून काठावर बसलेला, आणि अनसूयाबाई ओसरीतून त्याला पोटभर पाहत होती. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आई, आपला झरा बी आता येत नाई ना?" वर्षालीने विचारलं.

"नाई येत."

"मंग आपल्याले काय भेटलं?"

अनसूयाबाईने हनुवटीने वर दाखवलं. "तो पाह्य, कसा बसून राहिला."