सावरपाड्याची गाडी कुणी बंद पाडली

हिलालला कुणी वाईट म्हटलं तर मी आजही भांडेन. आणि तरीही सांगतो, सावरपाड्याची गाडी त्यानेच बंद पाडली. मी पितांबर, त्या गाडीचा ड्रायव्हर. धुळे–सोनगीर–सावरपाडे, सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. सात वर्षं मी स्टिअरिंग धरलं आणि हिलालने मागे कंडक्टर म्हणून घंटी ओढली.

सावरपाडे हिलालचं स्वतःचं गाव. भाजीच्या टोपल्या घेऊन सोनगीरला निघालेल्या बाया, दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं, सगळी त्याच्या ओळखीची. कुणी काकू, कुणी मामा, कुणी वहिनी. यांच्याकडे तिकीट मागायचं तर तोंड कुठे लपवायचं? हिलाल नुसता हसायचा आणि पुढे सरकायचा. पैसेही घेत नसे, हे आधी ऐका. एक पैसा खिशात घातला नाही त्याने. चाळीस माणसं बसली तर तिकिटं दहा-बाराच. मला आरशात सगळं दिसायचं. मी गप्प बसायचो, कारण त्या बाया मलाही वांग्यांची पिशवी द्यायच्या.

याच गाडीने गावातल्या पाच पोरी सोनगीरच्या हायस्कूलला जायच्या. त्यात हिलालची कुंदा, नववीत, भलती हुशार. गावातून आता काळीपिवळी जीपही सुटायला लागली होती. तिला वेळेचं बंधन नाही, हात केला की थांबणार, पार दारात सोडणार. पण आत पंधरा-वीस माणसं कोंबलेली. पोरगी गड्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार नाही, हे सावरपाड्यात ठरलेलं. लाल गाडी आहे तोवर पोरींची शाळा, एवढा साधा मामला होता.

एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीत डेपोतून कागद आला. भारमान कमी, तीन महिन्यांत सुधारलं नाही तर फेरी बंद. भारमान म्हणजे गाडीतल्या किती जागांची तिकिटं फाटली त्याचा हिशेब. मी हिलालला म्हटलं, बाबा रे, साहेबाला खरं सांग, गाडी भरून जाते. त्याने नाही म्हणून मान हलवली. खरं सांगितलं तर त्याची नोकरी जाणार, आणि तू काय झोपला होतास म्हणून मलाही विचारणार. मग मीही तो विषय पुन्हा काढला नाही. भेकड होतो मी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवसापासून हिलालने सगळ्यांकडे तिकीट मागायला सुरुवात केली. झालं. बायांची तोंडं फुगली. त्याची सख्खी चुलती बेबाबाई भर गाडीत म्हणाली, "गावनाच पोऱ्या, अन् माले तिकीट मांगस?" टोपली उचलून ती खाली उतरली आणि मागून आलेल्या जीपमध्ये जाऊन बसली. तिथे मात्र पैसे देऊन, बरं का. जीपवाला परका, त्याला पैसे देण्यात कसला अपमान? आठवड्याभरात निम्मं गाव तिच्यामागे गेलं. हिलाल घरोघरी हात जोडून आला. कुणी पाणी दिलं, कुणी चहा दिला, गाडीत मात्र कुणी आलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत फेरी बंद झाली. पाचही पोरी घरी बसल्या. कुंदा दहावीत जाणार होती. हिलालने तिला सायकल घ्यायचं काढलं, तर एवढ्या लांब एकटी पोर कशी पाठवायची म्हणून त्याची बायको मंदाबाई आडवी आली. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुंदाला पारोळ्याला उजवून टाकली. सोळा वर्षांची पोर. मी अक्षता टाकल्या आणि पंगतीला बसलो.

नंतर आम्हा दोघांना धुळे–पारोळा मिळाली. एकदा पारोळ्याच्या स्टँडवर कुंदा गाडीत चढली, कडेवर तान्हं मूल. माहेरी निघाली होती. मी अजून खालीच उभा होतो, खिडकीपाशी. हिलाल तिकिटांची पेटी घेऊन तिच्याजवळ आला, नातवाच्या गालाला हात लावला आणि जुन्या सवयीने हसून पुढे सरकायला लागला. कुंदाने त्याची बाही धरली. दुसऱ्या मुठीत सुटे पैसे होते.

"तिकीट फाडा, आबा," ती म्हणाली. "हाई गाडी तरी ऱ्हाऊ द्या."

हिलालने तिकीट फाडलं. पंचाचं भोक भलत्याच ठिकाणी पडलं. मी जाऊन गाडी सुरू केली. धुळे येईपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.