सुहासचे रंग

दिंडोरीहून फोन आला तेव्हा मी ऑफिसात कुणाच्या तरी वेबसाइटला निळा रंग देत होते. "ताई, सुहासभाऊ बोलता बोलता खालीच बसले. दवाखान्यात आणलंय, लगेच या." ज्यांच्या द्राक्षांची साइट आम्ही करत होतो, ते शेतकरी बोलत होते. मी पोचेपर्यंत सुहास गेला होता. माझा धाकटा भाऊ, पन्नाशीही गाठली नव्हती... याला आता महिना उलटला.

बाबा मनमाडला रेल्वेत गार्ड होते, तेव्हा सुहासही रेल्वेतच जाणार हे घरात ठरलेलंच. नव्वदच्या दशकात त्याची निवडही झाली, आणि मेडिकलमध्ये कळलं की त्याला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही. बाबा एवढंच म्हणाले, "गार्डाच्या पोराला झेंडी ओळखता येईना." विषय मिटला, म्हणजे बाबांपुरता मिटला. सुहास नाशिकला माझ्याकडे आला, कॉम्प्युटर शिकला आणि कॉलेज रोडला एका खोलीत वेबसाइट करून द्यायला लागला. रंग न कळणाऱ्याने नेमका हाच धंदा का निवडावा, हे मी त्याला शंभरदा विचारलं असेल. नुसता हसायचा.

सुरुवातीला रंग प्रत्येक पानाच्या कोडमध्येच लिहिलेले असत. एका मंगल कार्यालयाच्या साइटचा हिरवा बदलून लाल करताना निम्मी पानं हिरवीच राहिली, आणि त्याला ती सगळी सारखीच दिसत होती. मालकांनी हसण्यावारी नेलं, सुहासला मात्र जेवण गोड लागेना. मग त्याने सगळ्या साइटचं रंगरूप कोडमधून उचलून आमच्या अॅप्लिकेशनच्या डेटाबेसमध्ये ठेवलं. प्रत्येक थीमला एक नाव, नावापुढे तिचे रंग, तिची अक्षरं. पान उघडलं की ते तिथून आपला रंग घेणार, एका जागी बदललं की सगळीकडे बदलणार. रंग भरायचं काम माझं. "रंगांचं ताई बघते," असं तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा. खरं कारण त्याने कुणाला कळू दिलं नाही. बाबांनी एकदा येऊन हे बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. बाबा आले नाहीत.

ते आले गेल्या आठवड्यात. त्याच्या खुर्चीत बसले नाहीत, शेजारी स्टूल ओढून घेतलं. मी एकेक थीम उघडून दाखवत होते. एका हिरव्यागार पानावर त्यांनी मला थांबवलं.

"त्याला हे कसं दिसायचं गं?"

"मातकट, बाबा. लालही तसाच, असं म्हणायचा."

बाबांनी पडद्यावरच्या हिरव्यावर बोट ठेवलं. "जन्मभर झेंड्या दाखवल्या मी... आणि त्याला काय दिसतं, हे एकदाही विचारलं नाही." मग म्हणाले, "तसं एखादं पान कर. मला बघू दे."

मी नवी थीम उघडली, नाव दिलं 'सुहास'. लालाच्या जागी मातकट भरला, हिरव्याच्या जागीही तोच, आणि ती त्याच हिरव्या पानाला लावली. मला रडू आवरेना. पान बदललं तसे बाबा पुढे वाकले, चष्मा सारखा केला आणि कुणा अनोळखी दुकानाचं ते पान वरपासून खालपर्यंत वाचून काढलं.

"बरं दिसतं की," ते हळूच म्हणाले.