कातळापर्यंतची वाट

प्रिय इरा आणि कबीर,

मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की आजी सैन्यातल्या नर्सिंगमधून रिटायर झालेली असताना जानेवारीत पहाटे बूट घालून कुठे जाते. उत्तर सरळ आहे. माझी शेवटची पोस्टिंग बोरपाड्याला आहे. मेडिकल एड पोस्ट नंबर दोनची मी इन्चार्ज. हाताखाली एक टेबल, एक प्रथमोपचाराची पेटी, मीठ-साखरेच्या पाण्याचा पिंप आणि एक वॉकीटॉकी. पोस्टिंग वर्षातून एकच दिवस असते, पण मूव्हमेंट ऑर्डरची, म्हणजे निघायच्या हुकमाची, वाट मी दिवाळीपासून बघते.

बोरपाडा कल्याणपासून मलंगगडाच्या बाजूला, डोंगराला टेकून आहे. गावामागे साग, ऐन आणि करवंदीच्या जाळ्या आहेत. त्यांतून पायवाटा वर जातात. गावची मुलं-मुली भरतीची तयारी करायला या वाटांवर रोज धावतात. लान्स नायक बाळारामही इथेच धावून सैन्यात गेला. तो परत आला नाही. त्याच्या नावाने गाव दरवर्षी ट्रेल रन भरवतं. ठाणे, डोंबिवली, कल्याणहून माणसं येतात आणि लाल फिती बघत जंगलातून धावतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते.

आदल्या संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर ब्रीफिंग होतं. घेणारे सुभेदार सुर्वे. तेही निवृत्त, आता कल्याणला राहतात. रनचं कंट्रोल त्यांच्याकडे असतं. आकड्यांच्या बाबतीत माणूस फार कडक. किती निघाले, किती पोचले, याचा मेळ बसल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत.

ब्रीफिंग संपत आलं तेव्हा बाळारामची आई आली. सगळा गाव तिला हिराआई म्हणतो.

"साहेब, औंदा तरी माज्या पोराची वाट घेतलीव का?"

"आई, ती वाट घळीच्या कडेने जाते. एखादा पडला तर पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही. रनच बंद होईल."

"माजा बाला कवा पडला नाय."

"तो बाळाराम होता, आई. हे बँकेतले लोक आहेत."

हिराआईने माझ्याकडे पाहिलं, "बरा" म्हणाली आणि निघून गेली. ती इतक्या लवकर ऐकत नाही. मला तिथेच खटकायला हवं होतं.

त्या वर्षी माझ्यावर एक जादा जबाबदारी होती. आपल्या बी विंगमधले कुलकर्णीकाका तुम्हाला आठवत असतील. कबीरचा बॉल ज्यांच्या तुळशीत पडला होता, तेच. त्यांची अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी हळू धावायला हरकत नाही म्हणून लिहून दिलं होतं. कुलकर्णीकाकूंचा त्या कागदावर विश्वास नव्हता.

"मेजर, तुमच्या भरवशावर सोडतेय हं. यांना जिंकायची हौस आहे."

"माझ्या वयोगटात मी एकटाच आहे," काका म्हणाले. "हौस कसली, जिंकणारच."

सकाळी साडेसहाला रन सुटला. थंडी चांगली होती. माझी पोस्ट डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, एका मोठ्या ऐनाखाली. पहिले धावणारे आले आणि गेले. पाणीसुद्धा न थांबता घेतात आणि ग्लास झुडपात टाकतात. त्यांच्यामागून मधली फळी आली. तिने ग्लास टोपलीत टाकले आणि सेल्फी काढल्या. सगळ्यांच्या मागे प्रणाली होती. ती गावचीच, पोलीस भरतीची तयारी करणारी. शेवटच्या माणसाला सोबत करणं हे तिचं काम. बसलेल्यांना उठवत तिने सावकाश यायचं असतं. रेडिओवर तिचा आवाज मधूनमधून यायचा.

"मॅडम, एका आंटीच्या बुटाचा सोल निघालाय. मी बांधून देते, बाकीच्यांना पुढे पाठवते."

"ओव्हर म्हण."

"ओव्हर ना, मॅडम."

मधली फळी गेल्यावर वाट रिकामी झाली. मी पेटी आवरली. ग्लास मोजले. बराच वेळ कुणी आलं नाही. मग प्रणाली आली, त्या बाईंना सोबत घेऊन. दोघीच.

"मॅडम, बाकीचे पुढे गेले ना?"

"बाकीचे कोण? पाऊण तास इथे कुणी फिरकलेलं नाही."

"अरे यार," प्रणाली म्हणाली. "चौदा जण होते. आमच्या पुढेच."

"घळीची वाट फुटते त्या फाट्यावर फिती होत्या?"

"फिती कोण बघतं, मॅडम? आम्ही रोज येतो इकडून."

मी रेडिओ घेतला.

"कंट्रोल, पोस्ट दोन. चौदा रनर फाट्यापासून बेपत्ता. ओव्हर."

"पुन्हा सांगा. ओव्हर."

"एक चार, चौदा. त्यात कुलकर्णी आहेत, हार्ट पेशंट. ओव्हर."

 सुर्व्यांचा आवाज बदलला. "मॅडम, घळ?"

"माहीत नाही. मी फाट्यावर जाते. प्रणाली पोस्ट सांभाळेल. ओव्हर."

त्या वेळी मी पासष्टची होते. तरी चढ धावत चढले. कुलकर्णीकाकूंचा चेहरा सारखा डोळ्यांसमोर येत होता. त्याआधीच्या पावसाळ्यात त्या घळीत एक गाय पडली होती. तिला वर काढता आलं नव्हतं.

फाट्यावर उजवीकडच्या झाडांवरच्या फिती नव्हत्या. त्या डावीकडे, घळीच्या वाटेला बांधल्या होत्या. गाठ आमच्या कार्यकर्त्यांची नव्हती. गवताचा भारा बांधताना बायका मारतात, तशी पिळून खोचलेली होती. कुणाची, ते मला कळलं.

ती वाट मी आधी कधी चालले नव्हते. पण मला ती पाठ होती.

मी उत्तरेकडे एका बेस हॉस्पिटलमध्ये असताना बाळाराम माझ्या वॉर्डात होता. दोन्ही पाय जायबंदी झाले होते. आमच्या दोघांचं बोलणं मराठीत व्हायचं. मी ठाण्यातल्या कोपरीची म्हटल्यावर तो खूश झाला, म्हणाला, मग तुम्ही गाववाल्याच. संध्याकाळची औषधं झाली की तो डोळे मिटून धावायला निघायचा. धावायचा म्हणजे मला वाट सांगायचा. गावदेवीच्या मागून वर, मग सागाचं रान, मग घळीची कड, तिथे उजवा हात झाडीला लावून जायचं, मग ओढा, आणि पुढे मोठा कातळ. कातळावर बसलं की खाली सगळं गाव दिसतं. बहुतेक कातळ आला की तो झोपलेला असायचा. शेवटच्या संध्याकाळी तो सागाच्या रानापर्यंतच पोचला.

मी डावीकडे वळले. सागाचं रान लागलं. घळीची कड आली आणि मी थांबले. कडेला, घळ संपेपर्यंत, कमरेएवढं कुंपण होतं. कुडाला लावतात तशा लाकडी मेढी ठोकून त्यांत करवंदीच्या काट्या घट्ट भरल्या होत्या. हे काम एका रात्रीत होणारं नव्हतं. माणूस काय, त्यातून कोंबडंही पलीकडे गेलं नसतं. मी उजवा हात झाडीला लावला आणि पुढे गेले.

ओढा ओलांडण्याआधीच हसण्याचे आवाज आले.

चौदा जण कातळावर ओळीने बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर पळसाचं पान, पानावर तांदळाची भाकरी. हिराआई वाढत होती. कुलकर्णीकाका मधोमध.

"या, मेजर," ते म्हणाले. "ही चटणी खाऊन बघा. कमाल आहे."

"कसली आहे, विचारलंत का?"

"विचारलं ना. म्हणाल्या, घरची आहे."

ती सुक्या जवळ्याची होती. काका तिसऱ्यांदा घेत होते. मी त्यांची नाडी बघितली. माझ्यापेक्षा बरी चालली होती. चटणीबद्दल मी तेव्हा बोलले नाही. तुम्हीही काकूंना बोलायचं नाही.

"कंट्रोल, पोस्ट दोन. चौदा सापडले. सगळे ठीक. ओव्हर."

"कुठे आहेत? ओव्हर."

"कातळावर. जेवतायत. ओव्हर."

"पुन्हा सांगा?"

मी हिराआईकडे वळले. "आई, आमचा जीव घशाशी आला होता."

"मना कं म्हाईत, तुमी इतक्या घाबरशाल? काट्या घातल्यान मी. गावातल्या बायांनी हात लावला."

"मग पुढच्यांना का नाही आणलंत? शेवटचेच का?"

"ती पुरची पोरं कं थांबतान? वाऱ्यासारी जातान. ती जाईपरत मी झारामागं बसून व्हती." तिने पान पुसून माझ्यापुढे ठेवलं. "ही दमलेली. ही बसतान, इकरंतिकरं बघतान. माजा बाला हितंच बसायचा, बाय. कोनी तरी बसायला नको?"

 मी बसले. खाली सगळं गाव दिसत होतं, शाळेचे पत्रे, देवळाचा झेंडा, बाळाराम सांगायचा त्याच क्रमाने.

सुभेदारसाहेब तावातावाने आले. रागावण्याआधी त्यांनी मागच्या कुंपणाकडे बोट दाखवून कुणी केलं ते विचारलं. परत जाऊन एकेक मेढ दोन्ही हातांनी हलवून पाहिली. एकही हलली नाही. मग येऊन त्यांनी टोपी काढली आणि हिराआईपुढे पान धरलं.

"आई, पुढच्या वर्षी आधी सांगा. आम्ही दोरखंड देऊ."

तेव्हापासून रनची वाट तीच आहे. माझी पोस्टही आता कातळावर असते. पुढची पोरं तिथे थांबत नाहीत, पण मागची थांबतात. कुलकर्णीकाका दरवर्षी आपल्या गटात पहिले येतात आणि मेडल घेताना भाकरीचा हिशेब सांगतात.

यंदाही शेवटी प्रणाली आली. ती आता पोलिसात आहे, रजा काढून येते. ती गेल्यावर मी रेडिओवर आकडा कळवला. फाट्यावरून जितके निघतात, त्यापेक्षा माझ्या कातळावर दरवर्षी एक जण जास्त पोचतो. तो कोण, ते सुभेदारसाहेबांना कळतं. 

"रॉजर," ते म्हणतात. "सगळे पोचले. ओव्हर."

आणि मग ते चहा घेतात.