रांजणाखालचा बेडूक

मंडळी, आज दुपारी अमरावतीला नातीकडे गेले होते. तिने काचेच्या पेटीत शिंगांचा बेडूक पाळलाय. डोळ्यांवर दोन टोकं, तोंड भलंमोठं, ओल्या मातीत अर्धा रुतलेला. "आजी, घाबरू नको," ती म्हणाली. पण त्याच्याकडे पाहता पाहता मी केव्हाच मूर्तिजापूरच्या आमच्या घरी पोचले होते.

एकोणीसशे साठच्या सुमाराचा उन्हाळा. माझा तान्हा भाऊ गेला आणि आईने बोलणंच सोडलं. स्वयंपाक करायची, माझी वेणी घालायची, पण तोंडातून शब्द नाही. बाबा कोर्टातून आले की मला हळूच विचारायचे, "आज बोलली काय?"

एके दिवशी रांजणाखालच्या ओलाव्यात एक बेडूक येऊन बसला. मी हाकलायला गेले, तर आईने माझा हात धरला आणि ती त्याच्यासमोर बसली. त्याचा गळा संथ हलत होता. ती किती तरी वेळ पाहत राहिली.

"काय पाहून राहिला रे? तुले भूक लागली काय?"

आईचा आवाज! दारात बाबा उभे होते. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि आवाज न करता मागे फिरले.

उन्हाळाभर आई त्याच्यावर पाणी शिंपडायची, त्याच्याशी बोलायची. हळूहळू आमच्याशीही. पाऊस लागल्यावर तो निघून गेला.

"जाऊ दे, त्याले त्याचं घर असन," आई म्हणाली, आणि माझ्या त्या तान्ह्या भावासाठी पहिल्यांदा रडली.

तुमच्या घरात कोणाला असं कोणी बोलतं केलं होतं का?