चर्चच्या पडवीतली जमीन

परवा नातीच्या लग्नाची पंगत चर्चच्या पडवीत बसली. मांडीखाली गार फरशी होती, तरी मला ओल्या मातीचा आणि शेणाचा वास आला.

ही पडवी बांधली तेव्हा, तीस सालाच्या आगेमागे, मी दहा-बारा वर्षांची होते. गावातलं आमचं चर्च एवढंसं. शाळा भरावी, पंगत बसावी म्हणून ते वाढवलं. चिऱ्याची नवी भिंत पुढे सरकली आणि माझ्या तान्ह्या भावाची कबर पडवीत आली. ती हलवायला आईने साफ नकार दिला.

मग बायका ओळीने बसून लाकडी चोपण्यांनी मातीची जमीन बडवू लागल्या. धप्, धप्. कबरीपाशी येताच आईने चोपणं बाजूला ठेवलं.

"चोप गो, नायतर जमीन खचेल," मावशी म्हणाली.

"खचू दे. माझ्या बाबूला मार नको."

ती तळहाताने हळूहळू थोपटत राहिली. एकेक करून साऱ्या बायकांचे हात थांबले. मला तेव्हा आईची भीती वाटली.

परवा माझं पान नेमकं तिथेच आलं. शेजारची लहानगी फरशीवरच्या माझ्या डाव्या हाताकडे घाबरून बघत होती.

"आजी, कुणाला निजवतेस?"